लाइटनिंगची पेढी घरी मांडावी काय?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही असा यांत्रिक विषय घेऊन उभे राहू अशी त्यांची कल्पना नसावी. परंतु गेल्या दोन वर्षांत आपल्या समाजातील अनेक तरुणांनी, आणि त्यांच्यामागून त्यांच्या चिंतातुर वडिलांनी, आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे : बिटकॉइन घेतले आहे, आता लाइटनिंगचा स्वतःचा नोड घरी चालवावा काय? बिटकॉइन घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न निराळा. ज्यांनी ते घेतले आहे त्यांच्यापुरताच आजचा विचार आहे.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले. ही वही कोणा एका बँकेच्या तिजोरीत नाही. जगभरचे हजारो संगणक तिची प्रत बाळगतात. सरासरी दर दहा मिनिटांस तिला एक पान जोडले जाते, आणि साऱ्या जगाचे मिळून सेकंदास जेमतेम सात व्यवहार तीत मावतात. चहाच्या पैशांची नोंद अशा वहीत करणे म्हणजे मेथीच्या जुडीसाठी दस्तनोंदणी कचेरीत जाणे होय. ही अडचण ओळखून जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांनी २०१५-१६ च्या सुमारास लाइटनिंगची योजना मांडली.

तिचे तत्त्व आपणांस परके वाटू नये. वाणी आणि गिऱ्हाईक महिनाभर वहीत मांडतात आणि हिशेब एकदाच चुकता करतात. लाइटनिंगमध्ये दोन पक्ष आरंभी काही रक्कम मूळ खातेवहीत संयुक्त कुलुपात ठेवतात. यास चॅनेल म्हणतात. मग प्रत्येक देवघेवीनंतर जुना ताळेबंद रद्द करून नव्या ताळेबंदावर दोघे सह्या करतात. व्यवहार संपला की शेवटचा कागद मूळ वहीत नोंदवावयाचा. तिसऱ्यास पैसे द्यावयाचे असल्यास ते हुंडीप्रमाणे एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जातात. ही पेढी म्हणजेच नोड. हुंडीत पतीवर भिस्त असे; येथे अंतिम धनकोचा गुप्त अंक दाखविल्यावाचून मधल्या कोणासही पैसा मिळत नाही.

परंतु एखाद्याने स्वतःस सोयीचा जुना कागदच नोंदविला तर? त्यासाठी कडक नियम आहे. फसविणाऱ्याची चॅनेलमधील सारी रक्कम दुसऱ्या पक्षास दंडादाखल घेता येते. मात्र हरकत मुदतीत घेतली पाहिजे, आणि ही मुदत बहुधा एक दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत असते. म्हणजे पेढीवर कोणीतरी जागे असले पाहिजे. या प्रश्नाचे सारे मर्म येथे आहे.

पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. बिटकॉइनचा साधा नोड निराळा आणि लाइटनिंगचा नोड निराळा. पहिला केवळ खातेवहीची प्रत ठेवतो व प्रत्येक नोंद स्वतः पडताळून पाहतो. पूर्ण प्रत ठेवण्यास सहाशे जीबीहून अधिक जागा लागते, परंतु त्यावर एक पैही ठेवावी लागत नाही. महिनाभर बंद राहिला तरी नुकसान नाही. दुसऱ्यावर मात्र प्रत्यक्ष रक्कम असते आणि तिच्या किल्ल्या अहोरात्र जगाशी जोडलेल्या यंत्रात असतात. पहिला घरातील पंचांगासारखा, तर दुसरा रस्त्यावर उघडलेल्या दुकानाच्या गल्ल्यासारखा आहे.

आमचाच अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी आम्ही कपाटाच्या कोपऱ्यात लहानसा संगणक मांडून पाच चॅनेल उघडले. एका पावसाळ्यात वीज लागोपाठ दोनदा गेली आणि यंत्राची डिस्क निकामी झाली. आमच्यापाशी दोन महिन्यांपूर्वीची संपूर्ण नक्कल होती. तीच परत चढवावी म्हणून आम्ही बसलो, इतक्यात भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, थांबा! तुम्ही जुना कागद नोंदवायला निघाला आहात." त्याचे म्हणणे यथार्थ होते. यंत्रास आमचा हेतू कळत नाही. जुना ताळेबंद पुढे गेला असता तर प्रामाणिक असूनही आम्ही दंडास पात्र ठरलो असतो. शेवटी चॅनेलांच्या छोट्या राखीव नोंदीच्या आधारे समोरच्या पेढ्यांस हिशेब मिटविण्याची विनंती केली. चार चॅनेल दोन दिवसांत मिटले. पाचव्या पेढीचा नोडच बंद होता, तेथील पैसा सात आठवड्यांनी हाती आला. वाटेतल्या दलालीपोटी तोवर जे मिळाले होते, ते त्या झोपमोडीच्या मानाने हास्यास्पद होते. मिळकतीच्या आशेने कोणी या वाटेस जाऊ नये.

याहून गंभीर प्रसंग आमच्या परिचयातील एका कुटुंबावर आला. कर्ता पुरुष अकस्मात गेला. "हा डबा उगाच वीज खातो," म्हणून घरच्यांनी तेराव्यानंतर यंत्र बंद केले. पुढे रोजनिशीत चोवीस शब्दांची यादी सापडली. मूळ वहीतील रक्कम तिच्या आधारे मिळाली. परंतु चॅनेलांची राखीव नोंद कोणासच ठाऊक नव्हती, आणि तेथील रकमेचा काही भागच हाती आला. त्या गृहस्थांचे ज्ञान अपुरे नव्हते. ते एकट्यांपाशी होते, एवढीच चूक झाली.

तर मग सारा पैसा कोणा कंपनीच्या हवाली करावा काय? तसेही आमचे म्हणणे नाही. जपानमधील माउंट गॉक्स हा बाजार २०१४ मध्ये बुडाला, तेव्हा गिऱ्हाइकांची लक्षावधी बिटकॉइन नाहीशी झाली. आपल्या देशात जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरांची आभासी मत्ता चोरीस गेली. दुसऱ्याच्या हाती किल्ली असता आपल्यापाशी मत्ता नसते, केवळ मागणीचा हक्क असतो. स्वतःचा नोड असावा असे म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे. आपला खर्च परक्यास कळू नये आणि सारे जाळे दोन-चार बड्या पेढ्यांच्या मुठीत जाऊ नये, हेही त्यांचे म्हणणे रास्त आहे.

सुदैवाने मधला मार्ग आहे. फ्रान्समधील असिंक या कंपनीच्या फिनिक्ससारख्या पाकिटात किल्ल्या आपल्याच दूरध्वनीत राहतात. चॅनेलच्या दुसऱ्या टोकास कंपनी असते, आणि बारा शब्दांवरून पाकीट पुन्हा उभे करता येते. दलाली थोडी अधिक पडते आणि त्या एका कंपनीवर अवलंबून राहावे लागते, हे खरे. परंतु सामान्य कुटुंबास तो सौदा परवडण्याजोगा आहे. शिवाय भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा मत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि ती खर्चणे हेही हस्तांतरणच होय. ज्यांस येथे यूपीआयने विनामूल्य पैसे देता येतात, त्यांस लाइटनिंगची निकड मुळात अल्पच आहे.

सबब आमचे मत स्पष्ट आहे. साठवणीची रक्कम मूळ खातेवहीत, स्वतःच्या किल्लीखाली ठेवावी. हातखर्चापुरती रक्कम दूरध्वनीतील पाकिटात असावी. जिज्ञासूंनी प्रथम बिटकॉइनचा साधा नोड चालवून पाहावा; त्यात शिक्षण आहे आणि धोका नाही. लाइटनिंगचा नोड मात्र त्याच घराने मांडावा, जेथे तो सांभाळणारे दुसरे माणूस आहे, मग ती पत्नी असो, कन्या असो वा भाचा. त्या माणसास शब्द कोठे आहेत, राखीव नोंद कोठे आहे आणि कोणते बटण दाबू नये, हे ठाऊक असले पाहिजे. असे माणूस नसेल तर आधी ते तयार करावे, यंत्र मागून आणावे.

आपल्या वाडवडिलांनी पेढ्या चालविल्या त्या एकट्याच्या हुशारीवर नव्हेत. रात्री दिवा लावून मुलास शेजारी बसवीत, वही उलगडून दाखवीत. तेवढा परिपाठ आपण राखला, तर यंत्र कोणतेही येवो, घराचा कारभार बंद पडणार नाही.