लपणे आणि दिसणे : कलेच्या विद्यार्थ्याने निसर्गाकडून काय घ्यावे?

(पनवेल येथे विद्यार्थी व सभासदांसमोर केलेले भाषण)



येथे बसलेल्या मुलामुलींपैकी काहीजण एलिमेंटरी व इंटरमिजिएट ग्रेडच्या चित्रकला परीक्षांची तयारी करीत आहेत. त्यांच्या वह्या आम्ही पाहिल्या. हात वळलेला आहे, रंगकाम नीटनेटके आहे. परंतु संकल्पचित्राच्या पानावर बहुतेकांचे तेच कमळ, तोच पोपट आणि तीच वेलबुट्टी. हे आकार नमुन्याच्या पुस्तकांतून उतरवलेले आहेत. विचारले तर मुले म्हणतात, "दुसरे काही सुचतच नाही." सुचावे कसे, याबद्दलच आज चार शब्द बोलायचे आहेत.

पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. ते १९६८ साली स्थापन झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १२.११ चौरस किलोमीटर आहे. आपण तेथे सहलीला जातो, डबा खातो, किल्ल्याचा सुळका पाहतो आणि "पक्षी काही दिसले नाहीत" असे म्हणत परत येतो. ते दिसत नाहीत, कारण त्यातल्या कित्येकांचे रंग आणि आकार न दिसण्यासाठीच घडलेले आहेत. कलेच्या विद्यार्थ्याचा अभ्यास येथूनच सुरू व्हायला हवा.

रातवा पक्षी दिवसा जमिनीवर वाळक्या पाचोळ्यात निश्चल बसून राहतो. तो घरटे बांधत नाही, अंडी जमिनीवरच घालतो. त्याच्या पिसांवर पाचोळ्याचे सगळे रंग आहेत : करडा, तपकिरी, मातकट. सह्याद्रीच्या जंगलात एक फुलपाखरू आढळते. पंख उघडले की निळे, मिटले की हुबेहूब वाळके पान! पानाच्या मधल्या शिरेसारखी रेघसुद्धा त्या पंखावर असते. ही कारागिरी कोणी बसून केलेली नाही. जे जीव सहज दिसले ते खाल्ले गेले, जे कमी दिसले ते जगले आणि त्यांचीच संतती पुढे वाढली. असंख्य पिढ्यांच्या निवडीतून हे रूप आले आहे.

यातील एक गोष्ट शास्त्रज्ञांना समजावून सांगितली ती एका चित्रकाराने. ॲबट थेअर हे अमेरिकन चित्रकार. आपण मडके रंगवताना उजेडाकडची वरची बाजू फिकी ठेवतो, खालची गडद करतो, म्हणून ते कागदावर गोल दिसते. थेअर यांनी १८९६ साली दाखवून दिले की, अनेक प्राण्यांच्या अंगावर याच्या नेमके उलटे असते. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढरट, माशाचेही तसेच. वरून पडणारा उजेड आणि खालची सावली यांनी जो गोलपणा दिसायचा, तो या रंगांनी पुसला जातो आणि प्राणी सपाट, म्हणून अदृश्य होतो. चित्रकलेच्या वर्गात जो धडा पहिल्या महिन्यात शिकवतात, त्याच धड्याने या माणसाला निसर्गाचे गुपित सापडले. विद्यार्थी मित्रहो, छायाप्रकाशाचा सराव कंटाळवाणा वाटतो तेव्हा हे आठवा.

दुसरा धडा बाह्यरेषेचा. आपण आधी बाह्यरेषा काढतो, मग आत रंग भरतो. निसर्ग आधी बाह्यरेषाच मोडतो. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके त्याच्या देहाची कड तोडतात, म्हणून झाडीत बिबट्या दिसत नाही, नुसते ऊन-सावलीचे तुकडे दिसतात. हीच युक्ती संकल्पचित्रात वापरून पाहा. पान कोठे संपते आणि पक्षी कोठे सुरू होतो, हे पाहणाऱ्याला शोधायला लावा.

थेअर यांचा १९०९ सालचा ग्रंथ मात्र एका बाबतीत फार पुढे गेला. प्राण्यांचे सगळेच रंग लपण्यासाठी असतात, असे त्यात प्रतिपादन होते. मोराचा निळा गळादेखील रानात मिसळून जातो, हे दाखवण्यासाठी त्यांनी चित्र काढले. ते पुढे टिकले नाही. कारण निसर्गात संरक्षणाचा दुसराही मार्ग आहे, तो म्हणजे उघड दिसणे.

आपल्याकडे रेल्वेच्या कडेला, पडीक जागेत रुई वाढते. तिच्या चिकात विष असते. प्लेन टायगर नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या रुईची पाने खातात आणि ते विष अंगात साठवतात. मोठे झाल्यावर हे फुलपाखरू भर उन्हात, संथपणे, कोणालाही न भिता उडते. एकदा त्याची चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. त्याचे भडक रंग म्हणजे जाहीर पाटीच. दुसऱ्या एका जातीची बिनविषारी मादी तर याच रंगांची नक्कल करून जगते.

आता थोडे आपल्याविषयी. लपण्याला एक किंमत असते. रातवा जोवर हलत नाही तोवर सुरक्षित, हलला की दिसला. पाचोळा जळाला की त्याचा आसरा गेला. आपल्या समाजाला ही किंमत ठाऊक आहे. बाबासाहेब परदेशातून परतल्यावर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना, म्हणून त्यांना पारशी नाव लावून धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परकीयांत मोठी पदवी मिळवलेल्या माणसाची ही अवस्था. भाड्याच्या खोलीसाठी आडनाव बदलून सांगणारी माणसे पुढेही होतीच. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. जीव वाचवण्यासाठी लपणे ही लाज नव्हे. परंतु ज्याला पुढे चालायचे आहे, त्याला कायम निश्चल राहून चालत नाही. रुईवरच्या अळीने जे अंगात साठवले, त्याच्या बळावर ते फुलपाखरू उघड उडते. आपण विद्या साठवावी आणि आपल्या नावानिशी उडावे. चित्राखाली सही करताना पूर्ण नाव लिहा, हे आमचे सांगणे यासाठीच आहे.

असा अभ्यास आपल्याकडील विद्यार्थ्यांनी पूर्वी केलेला आहे. पनवेलहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात तर घाईने बाहेर पडू नका. १८७८ ते १८८८ या काळात बांधलेल्या या इमारतीचे वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. दगडी नक्षीकाम मात्र मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे १८५७ साली सुरू झालेल्या आजच्या जे. जे. स्कूलमधील, विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. तेथे दगडी पानाफुलांतून प्राणी आणि पक्षी डोकावतात. २००४ साली ही इमारत जागतिक वारसा ठरली. तिकीट तेवढेच, नमुन्यांचे पुस्तक फुकट.

शेवटी एक छोटा अभ्यास देतो. महागडे रंग लागत नाहीत, एक वही आणि एक पेन्सिल पुरे. एका झाडाच्या बुंध्यासमोर अर्धा तास हालचाल न करता बसा. पहिल्या दहा मिनिटांत फक्त साल दिसेल. नंतर सालीवरचा पतंग दिसेल, कोळी दिसेल. ते काढा. दुसऱ्या दिवशी रुईचे झाड काढा, त्यावरची अळी काढा. पाण्यावर लोंबणारी सुगरणीची घरटी दुरून पाहा आणि त्यांच्या खाली उतरणाऱ्या नळीचा आकार टिपा. घरटे तोडू नका, फुलपाखरू पकडू नका.

आणि पालकांना विनंती. मूल झाडाकडे बघत बसले तर "रिकामा बसलाय" असे म्हणू नका. त्याचा अभ्यास चालू आहे.

जयभीम!