घरातले इंटरनेट: तार टेलिफोनची की केबलची?



घरी इंटरनेट घेताना बहुतेक जण जाहिरातीतला वेग पाहतात आणि महिन्याचे भाडे विचारतात. घरापर्यंत येणारी तार कोणती, हे क्वचितच कोणी विचारते. प्रत्यक्षात मिळणारा वेग बराचसा तिच्यावरच ठरतो.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले. २००५ च्या जानेवारीत एमटीएनएल आणि बीएसएनएल यांनी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ही सेवा सुरू केली. बोलण्याचा आवाज चार किलोहर्ट्झच्या आत मावतो. एडीएसएल तंत्रात तार मात्र अकराशे किलोहर्ट्झपर्यंत वापरता येते. माहिती धावते ती या वरच्या मोकळ्या पट्ट्यातून. म्हणूनच स्प्लिटरची छोटी डबी बसवली की फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालतात. डायल-अपवर तासन्‌तास फोन अडकून पडलेल्या घरांना याचे मोल लगेच कळले.

या तारेची अडचण म्हणजे अंतर. सुधारित एडीएसएल-टू-प्लस तंत्राने टेलिफोन एक्स्चेंजच्या अगदी जवळ सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत वेग शक्य असतो. चार-पाच किलोमीटरवर तो जेमतेम एक-दोन मेगाबिट उरतो. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरले की फोनवर खरखर सुरू होते आणि इंटरनेटही तुटू लागते. पण एक्स्चेंजपर्यंतची ती तार त्या एकाच घराची असते.

केबलचे उलट आहे. टीव्हीच्या जाड कोएक्सियल तारेत जागा भरपूर. १९९७ मध्ये आलेल्या डॉक्सिस मानकामुळे एका टीव्ही वाहिनीच्या जागेतून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट नेता येऊ लागले. मात्र ती क्षमता परिसरातल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. एका टाकीवरचे सगळे नळ सकाळी एकदम सुटावेत, तसे रात्री नऊच्या सुमारास होते. शिवाय रस्त्यावरच्या अॅम्प्लिफायरची वीज गेली आणि बॅटरी नसली, तर घरात इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद पडते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायला हवी. अनेक शहरांत केबलवाला इंटरनेट देतो ते कोएक्सियल तारेतून नव्हे, तर गच्चीवरून ओढलेल्या लॅन केबलमधून. ही केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. पुढे जिन्यातल्या स्विचवर सगळी मदार.

फायबरने आज या दोन्ही तारांना मागे टाकले आहे, पण ते प्रत्येक वाडीत आणि प्रत्येक जुन्या इमारतीत पोहोचलेले नाही. तिथल्या ग्राहकाने टेलिफोनची लाइन घेताना एक्स्चेंज किती लांब आहे, हे लाइनमनला जरूर विचारावे. केबल घ्यायची असेल, तर त्याच ऑपरेटरचे कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊ वाजता वेग मोजून पाहावा. अपलोडचा वेग स्वतंत्रपणे मोजावा, कारण टेलिफोन आणि कोएक्सियल या दोन्ही तारांवर तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग किंवा परगावच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल अडतो तो तिथेच. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना वापरून पाहावा, शक्यतो पावसाळ्यातला.