तुरीच्या दाण्यांचा भात

२००३ सालच्या नाताळात मी जमैकात होतो. किंग्स्टनमधलं ऑफिस बंद, जेवायला जायचो ती खानावळही बंद. एक सहकारी मला ओढूनच आपल्या आईकडे घेऊन गेला. घर ब्लू माउंटनच्या उतारावर, मॅव्हिस बँक गावाजवळ. चहूकडे कॉफीचे मळे.

परक्या ताटात काय येईल, याची धाकधूक होती. आलं ते काय? नारळाच्या दुधात शिजवलेला ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात! तूर तिथे नाताळच्या सुमारासच शेंगांवर येते. भातात थाईम नावाचा वासाचा पाला आणि न फोडता टाकलेली अख्खी मिरची. प्यायला लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं घातलेलं सरबत. शिवाय बोकडाचा रस्सा. १८४५पासून ऊसमळ्यांवर करारानं नेलेल्या हिंदी मजुरांबरोबर तो मसाला तिथे पोचला. आता तो अस्सल जमैकनच. भात मी तीनदा घेतला, हे कबूल करतो.

म्हातारीनं मला पोटभर जेवू दिलं. मग विचारलं, "आज तुझ्या आईबरोबर जेवायला कोण होतं?"

"कुणी नाही. ती रत्नागिरीत एकटीच असते." तीन आठवड्यांत फोन केला नव्हता, तेही सांगून टाकलं.

तिनं मुलाचा मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"आमच्याकडे मध्यरात्र उलटलीय," मी म्हणालो.

"माझा धाकटा लंडनला असतो," ती म्हणाली. "त्याचा फोन कधीही येवो, मी जागीच असते."

दुसऱ्याच घंटेला रत्नागिरीत फोन उचलला गेला.