स्पोर्ट्‌स कारमधला उकाडा



वैशाखातल्या संध्याकाळी, पंख्याखाली दाटीनं बसलेल्या माणसांसमोर उकाड्यावर बोलायचं हे तसं धाडसच. त्यातून विषय स्पोर्ट्‌स कारमधल्या उकाड्याचा. ज्याला असली गाडी परवडते त्याच्या घामाची काळजी आपण का करायची, हा प्रश्न समोरच्या काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतोय. प्रश्न रास्त आहे. पण साध्या गाडीत ऐसपैस जागेमुळे ज्या चुका झाकल्या जातात, त्या या गाड्यांत उघड्या पडतात. इंजिन, एक्झॉस्ट, पाण्याचे पाइप आणि माणूस, सगळं हातभर अंतरात कोंबलेलं असतं. म्हणून शिकायला हीच गाडी बरी.

आधी हिशेब बघू. पेट्रोल इंजिन जाळलेल्या इंधनातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा कामाला लावतं, तीही सगळं जुळून आलं तर. तेवढीच ऊर्जा कूलंट उचलून रेडिएटरकडे नेतं आणि उरलेली एक्झॉस्टमधून बाहेर पडते. म्हणजे ३०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीनं चालतं, तेव्हा त्याच्या दुप्पट शक्ती निव्वळ उष्णता म्हणून गाडीत वावरत असते. ती कुठून तरी बाहेर जाणारच. ती जाताना माणसाच्या अंगावरून जाते की दुरून, एवढंच काय ते डिझायनरच्या हातात असतं. माझं आजचं सगळं म्हणणं या वाटेबद्दल आहे. केबिन तापली की लोक गारवा वाढवायला धावतात. आधी उष्णतेची वाट शोधावी.

याचं सर्वांत देखणं उदाहरण इटलीतलं. फेरारीची बर्लिनेटा बॉक्सर ही मालिका १९७३ पासून १९८४ पर्यंत बनली. बारा सिलिंडरचं आडवं पसरलेलं इंजिन आसनांच्या मागे आणि रेडिएटर मात्र गाडीच्या नाकात. नाकात का, तर तिथे समोरून ताजी, गार हवा मिळते. कागदावर यात खोट काढता येत नाही. पण मागचं पाणी पुढे जायचं आणि पुढचं मागे यायचं, तर पाइप केबिनच्या भागातूनच न्यावे लागतात. कूलंटचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास. लांबच्या प्रवासात आत बसलेल्याला न्हाणीघरातल्या पेटत्या बंबाला मांडी टेकवून बसल्यासारखं व्हायचं. तक्रारी येत राहिल्या. शिवाय नाकातली जागा रेडिएटरनं खाल्ली, त्यामुळे सामान ठेवायचीही पंचाईत.

तिची वारसदार टेस्टारोसा १९८४ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी लोकांसमोर आली. तिच्यात एका मोठ्या रेडिएटरऐवजी दोन ठेवले, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या लगेच मागे. पाणी जिथे तापतं तिथेच गार करायचं, म्हणजे केबिनमधून पाइप न्यायचं कारणच उरलं नाही. पण कुशीतल्या रेडिएटरला हवा पाजायची तर कुशीला मोठं तोंड हवं, आणि एवढं मोठं उघडं तोंड अनेक देशांच्या नियमांत बसत नव्हतं. म्हणून पिनिनफरिना या डिझाइन कंपनीच्या कारागिरांनी त्यावर दारापासून मागपर्यंत आडव्या पट्ट्या ओढल्या. रेडिएटर सामावून घेताना गाडीची रुंदी जवळजवळ दोन मीटर झाली. पुढे त्या पट्ट्यांची पोस्टरं जगभरच्या मुलांच्या खोल्यांत लागली आणि नकला इतक्या निघाल्या की ज्यांना कुशीत रेडिएटर नाही अशा गाड्यांनाही लोकांनी पट्ट्या चिकटवल्या! मला व्यक्तिशः बॉक्सरच जास्त सुंदर वाटते. पण मुंबई-गोवा रस्त्यावर मे महिन्यात न्यायला कुणी विचारलंच, तर मी टेस्टारोसाची किल्ली मागेन.

बंद केबिन नसली म्हणजे सुटका झाली, असंही नाही. १६ जानेवारी १९५५ ची ब्युनोस आयर्सची शर्यत घ्या. जानेवारी म्हणजे तिकडे भर उन्हाळा. तीन तासांच्या त्या शर्यतीत उष्म्यामुळे ड्रायव्हर एकामागून एक थांबत होते आणि एकाची गाडी दुसरा, दुसऱ्याची तिसरा चालवत होता. दुसऱ्या क्रमांकाची फेरारी तिघांनी मिळून चालवली. हुआन मॅन्युएल फँजिओ मात्र मर्सिडीज घेऊन अखेरपर्यंत एकटा राहिला आणि जिंकला. कॉकपिट उघडं, डोक्यावर आकाश, तरी त्याचा पाय भाजला. एक्झॉस्टच्या उष्णतेनं तापलेली चासीची नळी पायाशी होती. वाऱ्याचा उपयोग घामाला होतो, कातडीला टेकलेल्या लोखंडाला नाही.

आता आपल्या गॅरेजमध्ये येऊ. उष्णता धातूतून वाहत येते, हवेबरोबर येते, किरणांनी येते, हे शाळेत शिकलेलं आहे. शाळेत न शिकवलेली गोष्ट म्हणजे बहुतेक जुन्या गाड्यांत ती चक्क भोकातून येते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, वायरी जातात, केबल जातात, स्टिअरिंगचा दांडा जातो. प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट असतं आणि वीस वर्षांनी त्याचा भुगा झालेला असतो. गिअरच्या दांड्याखालचं रबरी बूट फाटलेलं असतं. रात्री गॅरेजमधले दिवे मालवा, इंजिनाच्या बाजूला एक प्रखर टॉर्च लावा आणि आत पेडलपाशी डोकं घालून बघा. जिथून उजेड येतो तिथूनच भट्टीतली हवाही येते. काच खाली केल्यावर गाडी आणखी तापते अशी तक्रार कुणी केली तर हसू नका. धावत्या गाडीच्या खिडकीपाशी हवेचा दाब कमी होतो, केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला इंजिनाकडची गरम हवा त्याच भोकांतून आत शिरते.

दुसरी वाट हीटरची. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नाही. पण त्याचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर डॅशबोर्डच्या पोटात बारा महिने एक छोटा रेडिएटर तापत राहतो, आणि मालक बिचारा वर एसीचं बटण फिरवत बसतो. हवेवर गार होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ मध्ये तर पाण्याचा संबंधच नाही. तिथे एक्झॉस्टभोवतीच्या कवचातली तापलेली हवा केबिनमध्ये सोडतात आणि ती अडवायला झडपा असतात. केबल ताणली गेली, झडप अर्धी उघडी राहिली, की वैशाखातही हीटर चालू! तेव्हा कुठलंही चकचकीत सामान विकत घेण्याआधी भोकं आणि हीटर या दोन जागा तपासाव्यात. खर्च जवळपास शून्य.

एक अघोरी उपाय मात्र हमखास बघायला मिळतो. बॉनेटच्या मागच्या कडेला वॉशर घालून फट ठेवायची, म्हणजे म्हणे गरम हवा निघून जाते. सिग्नलला उभ्या गाडीत ती निघते खरी, पण थेट काचेखालच्या जाळीपाशी, जिथून केबिनची हवा घेतली जाते. आणि वेगात असताना काचेच्या पायथ्याशी दाब इतका वाढतो की हवा त्या फटीतून बाहेर पडण्याऐवजी आत घुसते. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

भोकं बुजवली की राहतात किरण. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. किरणांनी फेकली जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. एक्झॉस्टची नळी ३०० अंशांवरून ६०० अंशांवर गेली तर उत्सर्जन दुप्पट होत नाही, पाचपटीहून जास्त होतं. त्यावर उतारा चकाकत्या पत्र्याचा. डिझायनर गॉर्डन मरे यांनी १९९२ मध्ये जगासमोर आणलेल्या मॅक्लॅरन एफ १ च्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावलेला आहे. श्रीमंतीचं प्रदर्शन म्हणून नव्हे, सोनं उष्णतेचे किरण उत्तम परतवतं आणि काळवंडत नाही म्हणून. आपल्याला ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो. फक्त तो फायरवॉलला चिकटवू नका. मध्ये बोटभर हवा खेळती ठेवा, नाहीतर पत्रा तापतो आणि मागच्या भिंतीला उष्णता देऊन मोकळा होतो. गालिच्याखाली घालायच्या काळ्या ब्युटिल शीटबद्दल दुकानदार बरंच काही सांगतील, पण ती मुख्यतः पत्र्याची थरथर आणि आवाज मारण्यासाठी असते. उष्णतेसाठी वेगळा फोम लागतो. एक्झॉस्टला गुंडाळायच्या पट्टीचा गुण लगेच येतो, पण ती ओल धरते आणि कोकणातल्या पावसाळ्यात आतली नळी गंजवते.

काचेतून येणाऱ्या उन्हाबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचांवर फिल्म चिकटवण्याला मनाई केली, त्यानंतर काचेचे नियमही बदलत गेले. तेव्हा फिल्म लावण्याआधी आजचा नियम वाचावा. सावलीत गाडी लावायला परवानगी लागत नाही.

एवढं करूनही शर्यतीत कधीकधी उष्म्यापुढे हार मानावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत लोगन सार्जंटला अस्वस्थ वाटून गाडी सोडावी लागली आणि एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. त्यानंतर २०२५ पासून नियमच आला की उष्मा ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार असेल तर गाडीत ड्रायव्हरला गार करणारी यंत्रणा बसवायची. नळ्या शिवलेलं जॅकेट आणि त्यातून फिरणारा गार द्रव. ते अंगात घालायचं की नाही हे २०२५ मध्ये ड्रायव्हरवर सोडलं होतं आणि नळ्या सीटबेल्टच्या पट्ट्याखाली टोचतात म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला विचाराल तर ज्या गाडीचं प्रत्येक ग्रॅम वजन मोजलं जातं, तिथे माणसासाठी वजन वाढवायला शर्यतींचे नियम करणारी संघटना तयार झाली, हेच पुष्कळ झालं.

सभेच्या अध्यक्षांनी एक चिठ्ठी पुढे केली आहे: ‘एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोठा एसी बसवला तर?’ बसवा. पण एसी केबिनमधली उष्णता काढून कंडेन्सरमध्ये टाकतो आणि कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढ्यात असतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. वर कॉम्प्रेसर इंजिनावर बोजा टाकतो तो वेगळाच. रहदारीत अडकलात की कूलंट आणखी तापणार. आणि तुमच्या गाडीचं इंजिन मागे, रेडिएटर नाकात असेल, तर हे आणखी तापलेलं पाणी त्याच पाइपांतून तुमच्या आसनाशेजारून जाणार. तेव्हा आधी त्या पाइपांना जाड फोमचं वेष्टण घाला आणि मग एसीवाल्याला फोन करा.