उघडें खातें
(दुष्काळनिवारण समितीच्या सभेंत झालेलें भाषण)



वर्गणीदारांची यादी आतांच वाचण्यांत आली. तींत आपलें नांव ऐकून ज्यांस समाधान वाटलें, त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ख्रिस्ताची शिकवण नित्याच्या व्यवहारांत कशी उतरावी, यावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. आणि दान केल्यावर त्याची दवंडी पिटूं नये, हा त्या शिकवणीचाच एक भाग आहे. म्हणून यादी बाजूस ठेवून मी खातेवहीकडे वळतों.

शोमरोनी वाटसरूची येशूनें सांगितलेली गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेला मनुष्य वाटेवर पडला होता. याजक बगल देऊन गेला, लेवीही गेला. ज्यांच्याशीं यहुदी संबंध ठेवीत नसत, अशा जातीच्या एका शोमरोन्यानें मात्र त्याच्या जखमा बांधिल्या व आपल्या जनावरावर बसवून त्यास उतारशाळेंत नेलें. येथवर सारेच सांगतात. व्यापाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावा असा भाग पुढें आहे. दुसऱ्या दिवशीं त्यानें उतारशाळेच्या मालकास दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना फेडीन, असें सांगितलें. रोख देऊन तो मोकळा झाला नाहीं. परक्यासाठीं त्यानें आपलें खातें उघडें ठेविलें.

असें खातें आपल्या मिरजेंतही उघडलें गेलें होतें. कॅनडांत जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ सालीं या देशांत आले व १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. इमारतीसाठीं पैसा दूरदेशींच्या दात्यानें दिला. तें पुण्य खरेंच. परंतु देणगी एकदां येते, रोगी रोज येतो. १८९७ पासून त्यांनीं येथील तरुणांस वैद्यकी शिकविली, आणि १९२८ पर्यंत हें काम सोडलें नाहीं. वानलेसवाडी हें नांव आजही त्यांची आठवण देतें.

येथें कोणी शंका घेईल कीं, हा उपदेश ख्रिस्ती मंडळीसाठीं आहे. साताऱ्यास १९१७ सालीं नारायण वामन टिळकांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हां बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही त्यांत जागा होती. मीही कोणाचा धर्म विचारीत नाहीं, आचरण विचारतों.

सह्याद्रि मेघांस अडवितो. महाबळेश्वरीं धो धो पाऊस पडतो आणि माण, खटाव, आटपाडी व जत येथें शेतकरी आभाळाकडे पाहात बसतो. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी गेलें. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या, पाणी सुमारें पांच लाख लिटर होतें. शेंकडों मैलांवरची तहान आपण ओळखली, हें भूषणावह आहे. मग पाऊस हुकल्यावर आपल्याच जिल्ह्यांतील जतची तहान आपल्या दुकानाच्या पायरीशीं येते, तेव्हां आपण काय करितों?

सद्गृहस्थहो, स्पष्ट बोलतों, क्षमा असावी. समितीस शंभर रुपये द्यावे आणि कडब्याच्या भावांत हजार वसूल करावे, हें दान नव्हे. तो सौदा होय. अडलेल्याची दुभती गाय निम्म्या किंमतींत घेणारा त्या याजकाहूनही वाईट, कारण याजकानें निदान जखमीचा खिसा तरी चांचपला नव्हता.

म्हणून आपणांजवळ तीन मागणीं आहेत. दुकानदारांनीं टंचाईच्या काळीं धान्य व चारा खरेदीच्या भावाशीं रास्त प्रमाण राखून विकावा व माप पुरें घालावें. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे, त्यांनीं तें पिण्यास खुलें ठेवावें आणि मजुरी आठवड्याचे आठवड्यास चुकवावी. सावकारांनीं पुढील सुगीपर्यंत तगादा थांबवावा.

आणि वर्गणी? तीही अवश्य द्यावी. परंतु एकरकमी देऊन हात झटकूं नयेत. रक्कम लहान असली तरी चालेल, ती सुगी हातीं येईपर्यंत दरमहा यावी. उतारशाळेच्या मालकाप्रमाणें समिती रोजचा खर्च करीत आहे. आपण परत येऊन हिशेब पुरा कराल, या भरंवशावरच तिनें दार उघडें ठेविलें आहे.