शून्य लिहा, रिकामं सोडू नका

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला भाईंदरला. आज एका बगबद्दल सांगणार आहे. हा बग ऑफिसमधला नाही, उत्तनच्या खडकांवरचा आहे.

गेल्या मार्चपासून आम्ही सहा मित्रमैत्रिणी उत्तनच्या खडकाळ किनाऱ्यावर जीव मोजायला जातो. प्रेरणा ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची. २०१७ पासून ही मंडळी मुंबईच्या किनाऱ्यांवर सामान्य लोकांना घेऊन फिरतात आणि दिसेल ते नोंदवतात. गिरगाव, जुहू, हाजी अली... आपण ज्याला ‘घाण पाणी’ म्हणून नाक मुरडतो, तिथे समुद्रफुलं, खेकडे, अगदी पोवळीसुद्धा आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीची पोवळी उचलून दुसरीकडे लावावी लागली. पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा लागू व्हायचा तर ती तिथे आहेत हे आधी कुणीतरी बघून लिहिलेलं असावं लागतं, बरोबर ना?

आमची पद्धत साधी आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात आपल्याकडे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास सगळ्यात खाली जाते. तासभर आधी पोचायचं. वरच्या खडकापासून पाण्यापर्यंत दोरी टाकायची आणि दर पाच मीटरवर पाइपची चौकट ठेवायची, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. आतलं सगळं मोजायचं. अशा दहा चौकटी.

पहिल्याच दिवशी एक मावशी भेटल्या. हातात छोटा कोयता, बाजूला टोपली, खडकावरची कालवं फोडत होत्या.

“काय शोधतोस रे पोरा?”

“कालवं मोजतोय, मावशी.”

“मोजून काय कालवण होतं काय?” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या सासूच्या टायमाला टोपली भरायला तास लागायचा नाय. आता अख्खी सकाळ जाते. तुझ्या मशीनमध्ये काय आलं तर मला कागदावर दे. सोसायटीत दाखवीन.”

मच्छीमार सोसायटीत. म्हणजे आमच्या आकड्याला आता कुणीतरी विचारणार होतं.

या मार्चमध्ये आम्ही परत त्याच जागी मोजलं. फोनचा जीपीएस चारपाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून गेल्या वर्षीचे खडकांचे फोटो समोर धरून जागा जुळवली. शीट उघडली. गेल्या वर्षी एका चौकटीत सरासरी ८ कालवं, यंदा ५. मी लगेच पोस्ट लिहायला घेतली: ‘उत्तनची कालवं वर्षात घटली!’

पाठवायच्या आधी सवयीनं डेटा तपासला. आणि सापडला बग.

गेल्या वर्षी सहा चौकटींत मिळून ४८ कालवं होती. उरलेल्या चार चौकटींचे रकाने रिकामे. काही दिसलं नाही म्हणून आम्ही काही लिहिलंच नव्हतं. शीटमधला सरासरीचा फॉर्म्युला रिकामे रकाने सोडून देतो, म्हणून त्यानं ४८ ला १० ऐवजी ६ नं भागलं. ही शीट कुणी बनवली होती? मी! ऑफिसात नल आणि झीरो यांतला फरक नव्या पोरांना शिकवणारा मी.

मग जुने फोटो काढले. चारपैकी तीन चौकटींचे फोटो होते, आत नुसता कोरा खडक. म्हणजे तीन खरी शून्यं. चौथीचा फोटोच नाही, त्यामुळे ती खरंच रिकामी. ४८ भागिले ९, म्हणजे साधारण ५.३. यंदा ५. एवढ्या फरकावरून ‘घटली’ म्हणता येत नाही.

शून्य म्हणजे ‘बघितलं, नव्हतं’. रिकामं म्हणजे ‘बघितलंच नाही’. आयनॅचरलिस्टवर आपण दिसलेलंच टाकतो, न दिसलेलं तिथे नोंदवलं जात नाही. ईबर्ड म्हणूनच यादी भरताना विचारतं, की ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का? ‘हो’ म्हटलं, तर यादीत नसलेला पक्षीसुद्धा माहिती होतो. एखादा जीव नाहीसा झाला हे उद्या दाखवायचं असेल, तर आजची ‘आहे’ही हवी आणि उद्याचं शून्यही.

मावशींना सांगायला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “बरं झालं, चुकीचा कागद नाय दिलास. तिथं कोणी धरलं असतं तर माझं तोंड गेलं असतं. पण सासूचं मी सांगितलं ते खोटं नाय हां.”

खोटं नाहीच. फक्त तेव्हा कुणी लिहिलं नव्हतं. त्यांचं बोलणं आम्ही तारीख घालून वेगळ्या रकान्यात लिहिलंय, नाव ‘ऐकलेलं’. मोजलेल्यात ते मिसळायचं नाही, आणि सोडायचंही नाही.

तुम्ही कुठे मोजायला गेलात तर एवढं करा. प्रत्येक चौकटीचा फोटो घ्या. उचललेला दगड होता तसा ठेवा. भरती फिरली की निघा. आणि काही दिसलं नाही, तर शून्य लिहा.

आमची पुढची फेरी येत्या अमावस्येला. भेटू पुढच्या भागात!