माईक आणि आपला गळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. दोन अभंग म्हणायला सांगितले असते तर बरे झाले असते. परंतु मंडळाने यंदा स्वतःचा ध्वनिक्षेपक, म्हणजे आपण म्हणतो तो माईक, घ्यायचे ठरवले आणि चौकशीचे काम माझ्याकडे आले. तेव्हा जे पाहिले, जे शिकले, ते आपल्यापुढे ठेवते.

मागील कोजागिरी आपणांस आठवत असेल. भाड्याने आणलेला एकच माईक पेटीजवळ उभा केला होता. आपल्या मंडळातल्या सर्वांत वडील काकूंनी गौळण धरली. मागे बसलेल्यांना ऐकू आले ते पेटी आणि टाळ. कोणीतरी "मोठ्याने म्हणा" म्हणून ओरडले. काकूंनी जोर केला, आवाज फाटला, आणि गौळण अर्धीच राहिली. "आता माझा गळा गेला गं बायांनो," असे म्हणून त्या उठल्या, त्या पुन्हा भजनाला आल्या नाहीत. मला आज सांगायचे ते एवढेच, की काकूंचा गळा गेला नव्हता. माईक लांब होता.

माईक नव्हता तेव्हा गाणाऱ्याला जोर करावाच लागे. १९०२ साली गौहरजान कोलकात्यास ध्वनिमुद्रिकेसाठी गायल्या, त्या भल्या मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी. १९२५ साली विजेवरचे ध्वनिमुद्रण सुरू झाले व त्यात माईक आला, तेव्हापासून हळू, नाजूक आवाजालाही मान मिळू लागला. आपण मात्र माईक समोर असूनही कर्ण्यात गायल्यासारखे गातो.

आता निवडीविषयी. दुकानात मुख्यतः दोन जाती दाखवतात. डायनॅमिक माईकात पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते. आवाजाने ते लोहचुंबकापाशी हलते व वीज उत्पन्न होते. त्याला बाहेरची वीज लागत नाही आणि थोडीफार आदळआपटही तो सोसतो. दुसरा कंडेन्सर. हा फार तिखट कानाचा. त्याला बहुधा मिक्सरमधून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात. शांत, बंद खोलीत तो उत्तम. आपल्या सभागृहात तो पंख्याची घरघर आणि पोरांची रडारडही टिपील. म्हणून आपल्याला डायनॅमिकच बरा. १९६६ साली निघालेला शूअर कंपनीचा एसएम ५८ ह्याच जातीचा, आणि गवई मंडळी तो आजही वापरतात. तो न परवडला तरी जात हीच पाहावी.

दुसरे पाहायचे ते माईकाचे तोंड. "कार्डिऑइड" माईक समोरचे नीट ऐकतो आणि पाठीमागचे सर्वांत कमी. म्हणून टाळवाल्या भगिनींनी माईकाच्या पाठीमागे बसावे. मोठे स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. स्पीकरचा आवाज पुन्हा माईकात शिरला, की तो फिरून फिरून वाढतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते.

दुकानात नुसते "हॅलो, हॅलो" करून पारख होत नाही. बारीक आवाजाची एक आणि भरदार आवाजाची एक अशा दोघी जाव्यात, आणि प्रत्येक माईकावर तीच ओळ म्हणून पाहावी.

वापरताना माईक ओठांपासून चार बोटांवर धरावा. चाराची आठ बोटे झाली, की पोचणारा जोर सुमारे चौथाईवर येतो. जवळ धरल्याने आवाजाला भरदारपणा येतो, बारीक गळ्याला त्याचा फायदाच होतो. पण अगदी ओठांना लावला तर शब्द घुमतात. तार स्वर लावताना वीतभर दूर न्यावा. "भ", "फ" म्हणताना श्वासाचा झोत बसून धप्प आवाज होतो, म्हणून माईक किंचित तिरपा ठेवावा. जाळीवर मूठ आवळू नये. तसे केल्याने त्याला दिशा कळेनाशी होते आणि शिट्टी लवकर वाजते. माईक चालू आहे का हे पाहायला त्यावर फुंकू नये, टिचक्या मारू नयेत. चार शब्द बोलावेत. आवाज कमी वाटला तर बटणावरच्या माणसाला खूण करावी, गळा ताणू नये.

आपण पुष्कळजणी एकच माईक वापरणार. जाळी फिरवून निघणारी असेल तर तेवढीच सौम्य साबणाने धुवावी आणि पुरती वाळल्यावरच बसवावी. बाकी माईकाला पाणी लागू देऊ नये. आणि सन २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, हेही विसरू नये. शेजारी परीक्षेची मुले असतात.

गेल्या आठवड्यात दुकानदाराने एक माईक व छोटा स्पीकर पाहण्यासाठी दिला होता, तो घेऊन मी काकूंकडे गेले. म्हटले, "काकू, नातवाला निजवताना म्हणता तशी म्हणा." चार बोटांवर माईक धरून त्यांनी तीच गौळण हळूच म्हटली. जिन्यातून जाणाऱ्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकू काही बोलल्या नाहीत; पदराने डोळे टिपले आणि पुढचे कडवे म्हणू लागल्या.

आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. माझे झाल्यावर त्याच गाणार आहेत. कोणी "मोठ्याने" म्हणून ओरडू नये, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवते.